फुकटच्या बोलण्याचें मोल

‘फुकट तें पौष्टिक’ असें आपण थट्टेनें म्हणतों. पण जें फुकट मिळतें त्याचा खर्च कोणीतरी करीत असतोच, हें म्हणतांना आपण विसरतों. मोबाईलवरून आप्तेष्टांशीं तासन्‌तास चालणारें आपलें संभाषण हें अशा फुकटाचें आजचें ठळक उदाहरण होय. ज्या समाजमाध्यमांच्या कंपन्या हें संभाषण घडवून आणतात त्यांना त्यांतून पैसा मिळतो कसा, आणि यापुढें मिळेल कसा, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा प्रश्न माझ्यापुढें प्रथम टाकला तो आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं. २०१९ सालची गोष्ट. बाई मूळच्या चिपळूणच्या. मुलगी पुण्यास दिलेली, मुलगा दुबईस नोकरीला. रोज संध्याकाळीं देवापाशीं दिवा लावून झाला कीं बाई मोबाईल घेऊन गॅलरींत बसत. पुण्याची लेक व्हॉट्सॲपवरून तास-तासभर बोले आणि कोणालाच कांहीं पडत नसे. दुबईच्या मुलाला मात्र तेथें त्या ॲपवरून बोलतां येत नसे. तो निराळ्या ॲपवरून बोले आणि त्यासाठीं तेथील टेलिफोन कंपनीला दरमहा वर्गणी भरी. एके दिवशीं बाईंनीं मला हटकलें, “काय हो भाऊ, दोघांचाहि आवाज या एकाच डबीतून येतो. मग हा पंक्तिप्रपंच कां? आणि जी कंपनी माझ्या लेकीकडून एक पैसा घेत नाहीं, तिची चूल पेटते तरी कशावर?”

मीं ‘जाहिरातींवर’ असें एका शब्दांत उत्तर देऊन सुटका करून घेतली. तें उत्तर अपुरें होतें. आज तें पुरें करण्याचा प्रयत्न करतों.

प्रथम, बोलण्याला पैसे पडत तरी कां, हें पाहिलें पाहिजे. मुंबईंत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून पुढें कितीतरी वर्षें टेलिफोनवरील संभाषणाचें मूळ तत्त्व एकच होतें. आपण मुंबईहून नागपुरास बोलूं लागलों कीं त्या दोन गांवांमधील एक सबंध वाट, आपलें बोलणें संपेपर्यंत, केवळ आपल्याकरितां अडवून ठेवली जाई. आपण बोललों, गप्प राहिलों कीं नुसते हुंकार दिले, तरी ती वाट दुसऱ्या कोणाला मिळत नसे. एखाद्यानें आगगाडीचा सबंध डबा राखून ठेवावा आणि त्यांतून एकट्यानेंच प्रवास करावा, तसा हा प्रकार होता. साहजिकच डब्याचें भाडें द्यावें लागे आणि तें वेळेवर मोजलें जाई. ट्रंक कॉलचा हिशेब तीन-तीन मिनिटांनीं होई. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या प्रती असत, आणि घरांत तसेंच कांहीं संकट आल्यावांचून तिसऱ्या प्रतीचें नांव कोणी काढीत नसे.

१९६० मध्यें लखनौ आणि कानपूर यांच्यामध्यें मधल्या माणसाच्या मदतीशिवाय थेट बोलण्याची सोय झाली, आणि पुढें ‘एस. टी. डी.’ हीं अक्षरें घरोघर माहीत झालीं. १९९० नंतर गल्लोगल्लीं पिवळ्या पाट्यांचीं टेलिफोनचीं दुकानें निघालीं. त्यांच्यापुढें रात्रीं अकराच्या सुमारास रांगा लागत, कारण अकरानंतर दर चतुर्थांशावर येई. थंडींत शाल पांघरून त्या रांगेंत उभे राहिलेले श्रोते आज माझें भाषण ऐकत असतील. त्या काळीं मिनिट ही विकत घेण्याची वस्तु होती, आणि ती स्वस्तांत मिळावी म्हणून माणसें झोप मोडीत.

इंटरनेटवरून जाणारा आवाज असा डबा अडवीत नाहीं. तो टपालासारखा जातो. आपण बोलूं लागतांच यंत्र आपल्या आवाजाचे, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे, बारीक तुकडे करतें. प्रत्येक तुकडा अंकांत मांडला जातो, त्याचें एक पाकीट होतें, त्यावर पत्ता चढतो, आणि सेकंदाला अशीं पन्नास पाकिटें रवाना होतात. वाटेंत त्यांच्या शेजारीं कोणाचें छायाचित्र असतें, कोणाचें पत्र असतें. सर्वांना रस्ता एकच. पलीकडचें यंत्र तीं पाकिटें ओळीनें लावून पुन्हां आवाज घडवितें. एखादें पाकीट हरवलें तर मागच्या-पुढच्या पाकिटांवरून अंदाजानें भर घालतें.

येथें थोडें गणित करूं. टेलिफोनचीं एक्स्चेंजें अंकांवर चालूं लागलीं तेव्हां एका दिशेच्या आवाजाला सेकंदास ६४,००० बिट लागत. २०१२ मध्यें प्रमाण म्हणून मान्य झालेली ‘ओपस’ नांवाची पद्धति २४,००० बिटांतहि चांगला आवाज देते. पाकिटांवरील पत्ते वगैरेंचे सुमारें १६,००० बिट त्यांत मिळविले तर एका दिशेला ४०,००० आणि दोन्ही दिशांना ८०,००० होतात. म्हणजे मिनिटाला सुमारें ०.६ मेगाबाइट. या हिशेबानें एका गिगाबाइटमध्यें सत्तावीस तासांहून अधिक बोलतां येतें. आपल्याकडे पुष्कळ कुटुंबें दिवसाला दीड गिगाबाइट देणारी योजना घेतात. चोवीस तास तोंड मिटलें नाहीं तरी तो डेटा सरणार नाहीं!

ज्या वस्तूचा पुरवठा असा उदंड झाला तिचा भाव टिकणें शक्य नव्हतें, आणि तो टिकलाहि नाहीं. भारतांत मोबाईलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसु यांनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं केलें. त्या वेळीं फोन करणाराला तर पैसे पडतच, पण घेणारालाहि पडत. २००३ मध्यें घेणाराची या भुर्दंडांतून सुटका झाली. सप्टेंबर २०१६ मध्यें रिलायन्स जिओनें बोलण्याला आकार न लावतां केवळ डेटाचे पैसे घेण्याची योजना आणली. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या ग्राहकाला जोडून देण्याबद्दल कंपन्या एकमेकींना जो आकार देत, तोहि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आला. टेलिफोन कंपन्यांनाच ज्या मिनिटाचा भाव राखतां आला नाहीं तें मिनिट समाजमाध्यमांनीं ग्राहकाला विकावें, ही आशा व्यर्थच म्हटली पाहिजे.

खर्च मात्र संपलेला नाहीं. ज्याला बोलवावयाचें तो या घटकेला कोठें आहे हें शोधावें लागतें. दोन यंत्रांची थेट गांठ पडली नाहीं तर मध्यें आपलें यंत्र उभें करून आवाज पोंचवावा लागतो. भामट्यांना आळा घालावा लागतो आणि हें सर्व सांभाळणाऱ्या तज्ज्ञांचे पगार द्यावे लागतात. व्हॉट्सॲपनें आपल्या वापरणारांची संख्या दोन अब्जांवर गेल्याचें २०२० मध्येंच जाहीर केलें होतें. एका कॉलचा खर्च क्षुल्लक असला तरी एवढ्या विस्तारांत त्याची बेरीज लहान राहत नाहीं. ती भरून काढण्याचे जे मार्ग आजवर चोखाळले गेले ते मुख्यतः पांच आहेत.

पहिला मार्ग जकातीचा. ऑगस्ट २००३ मध्यें स्वीडनचे निक्लास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांनीं स्काइप सुरू केली; तिचें यंत्र रचणारे कुशल लोक एस्टोनियाचे होते. तिच्या मूळच्या रचनेंत वापरणारांचे संगणकच एकमेकांचे निरोप पोंचवीत. मधल्या ठाण्यांचा खर्च थोडा असल्यामुळें स्काइपवरून स्काइपवर बोलणें फुकट देणें तिला परवडलें. परंतु ज्याच्याजवळ स्काइप नाहीं अशा माणसाच्या साध्या टेलिफोनवर बोलावयाचें तर आवाजाला जुन्या टेलिफोनच्या हद्दींत शिरावें लागे, आणि त्या नाक्यावर तेथील कंपनी पैसे मागे. २००४ पासून स्काइप हे पैसे, आपला नफा धरून, बोलणाराकडून घेऊं लागली.

हा व्यवहार अगदीं सरळ आहे. जो बोलतो तो देतो आणि जेवढें बोलतो तेवढेंच देतो. पण त्यांत एक जन्मजात दोष आहे. जसजसे अधिक लोक तें ॲप घेत जातात तसतसें नाकें ओलांडण्याचें कारणच उरत नाहीं. म्हणजे कंपनीची भरभराट तिच्याच उत्पन्नाच्या मुळावर येते. शिवाय नाकें सरकारच्या हातीं असतें. भारतांतून देशांतल्या देशांत साध्या फोनवर बोलण्याची सोय स्काइपनें १० नोव्हेंबर २०१४ पासून काढून घेतली, आणि ५ मे २०२५ रोजीं स्काइप हीच बंद झाली.

दुसरा मार्ग वर्गणीचा. व्हॉट्सॲप ही कंपनी यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनीं २००९ मध्यें काढली. पहिलें वर्ष मोफत आणि पुढें वर्षाला एक डॉलर, अशी तिची रीत होती. फेब्रुवारी २०१४ मध्यें फेसबुकनें १९ अब्ज डॉलरना ती घेण्याचें जाहीर केलें, आणि २०१५ मध्यें तिच्यावर आवाजी कॉल सुरू झाले. आतां वर्गणी वाढेल असें कोणासहि वाटलें असतें. पण जानेवारी २०१६ मध्यें ती साफ काढून टाकण्यांत आली. कंपनीनें दिलेलें कारण मननीय आहे. वापरणारांपैकीं पुष्कळांजवळ बँकेचें कार्ड नव्हतें, आणि वर्ष संपतांच आपले इष्टमित्र तुटतील अशी त्यांना धास्ती वाटे. आपल्याकडे तेव्हां यू. पी. आय. सुरू झालेलें नव्हतें. तें त्याच वर्षीं एप्रिलमध्यें आलें. एका डॉलरचे सदुसष्ट-अडुसष्ट रुपये कोणाला जड नव्हते, ते परदेशीं पोंचविण्याची खटपट जड होती. त्याखेरीज, दहा माणसांच्या गटांतील दोघांनीं वर्गणी भरली नाहीं तर उरलेल्या आठांनाहि त्या ॲपची किंमत कमी वाटते. नात्यांच्या जाळ्यांत वर्गणीची ही मोठी अडचण आहे.

तिसरा मार्ग पाणपोईचा. उन्हाळ्यांत बाजारपेठेंतील व्यापारी आपल्या दुकानाशेजारीं पाणपोई घालतो. पाणी प्यावयास आलेला माणूस दुकानांत डोकावतो आणि कांहींतरी घेऊन जातो. जपानमधील ‘लाइन’ हें ॲप मार्च २०११ च्या भूकंपानंतर, त्याच वर्षाच्या जूनमध्यें निघालें. त्यानें संदेश आणि बोलणें फुकट ठेवलें व ‘स्टिकर’ म्हणजे भावदर्शक चित्रें आणि खेळ विकून चांगला पैसा मिळविला. चीनमध्यें ‘वीचॅट’नें पैशांची देवघेवच आपल्या ओटीवर आणली. २०१४ च्या चिनी नववर्षाला, वडिलधाऱ्यांनीं लाल पाकिटांतून पैसे देण्याची तेथील जुनी चाल तिनें मोबाईलवर उतरविली आणि लोकांनीं ती उचलून धरली. अशा ठिकाणीं बोलणें हें पाणी असतें आणि नफा शेजारच्या दुकानाचा असतो.

चौथा मार्ग जाहिरातीचा. मीं बाईंना सांगितला होता तो हाच. पण आवाजाच्या बाबतींत तो वाटतो तितका सोपा नाहीं. नभोवाणीवर दोन गाण्यांच्या मध्यें जाहिरात चालते, कारण तेथें ऐकणारा निवांत असतो. आईच्या दुखण्याची हकीकत मुलगा ऐकत असतां मध्येंच साबणाची थोरवी सुरू झाली तर तो तें ॲप पुन्हां उघडणार नाहीं. आणखी असें कीं एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संभाषण दोन टोकांवांचून इतर कोणाला, कंपनीलाहि, उलगडतां येणार नाहीं अशा रीतीनें कुलूपबंद केलेलें असतें. तेव्हां आपलें बोलणें ऐकून त्याप्रमाणें जाहिरात लावण्याचा मार्ग या व्यवस्थेंत खुंटतो. म्हणून जाहिरात माजघरांत न शिरतां ओसरीवर बसते. जून २०२५ मध्यें व्हॉट्सॲपमध्यें जाहिराती आणण्याचें जाहीर झालें, तें संभाषणाच्या दालनांत नव्हे, तर ‘अपडेट्स’ नांवाच्या शेजारच्या दालनांत.

आतां पांचवा मार्ग. आणि माझ्या मतें यापुढें यालाच अधिक महत्त्व येणार आहे. या मार्गांत बोलणाऱ्या माणसाकडून कांहींच न घेतां, त्याच्याशीं बोलूं इच्छिणाऱ्या धंद्याकडून पैसे घेतले जातात.

ही कल्पना जुनी आहे. १८०० या अंकांनीं सुरू होणाऱ्या क्रमांकावर आपण फोन करतों तेव्हां खर्च पलीकडची कंपनी सोसते. २००५ मध्यें ‘ईबे’ या लिलावाच्या पेढीनें स्काइप विकत घेण्यासाठीं २.६ अब्ज डॉलर मोजण्याचें ठरविलें तें अशाच आशेनें. खरीददार आणि विक्रेता स्काइपवरून बोलतील, आणि गिऱ्हाइकाचा फोन आणून दिल्याबद्दल विक्रेता पैसे देईल, असा बेत होता. तो फसला. चार ओळी लिहून काम भागत असतां परक्या माणसाशीं बोलण्याची हौस कोणाला नव्हती. २००७ मध्यें ईबेनें सुमारें १.४ अब्ज डॉलरची खोट आपल्या वह्यांत मांडली, आणि २००९ मध्यें स्काइपमधील मोठा हिस्सा विकून टाकला.

परंतु दहा-पंधरा वर्षांत परिस्थिति पालटली. ज्या ॲपवरून आपण घरच्या माणसांशीं बोलतों तेथेंच बँक, विमा कंपनी, विमान कंपनी आणि किराणा दुकानदारहि येऊन बसले. ऑगस्ट २०१८ पासून व्हॉट्सॲपनें मोठ्या धंद्यांना त्यांच्या कांहीं संदेशांबद्दल आकार लावण्यास आरंभ केला. २०२५ मध्यें आवाजी कॉलहि त्या हिशेबांत आले. ग्राहकानें होऊन धंद्याला कॉल केला तर आकार नाहीं. धंद्यानें ग्राहकाला कॉल केला तर मात्र वेळेप्रमाणें आकार द्यावा लागतो, आणि त्यापूर्वीं ग्राहकाची अनुमति घ्यावी लागते. म्हणजे जें मिनिट बाजारांतून उठलें असें आपण समजत होतों तें परत आलें आहे. फक्त त्याचा खरीददार बदलला आहे.

आपल्या सर्वांच्या हिताचा मुद्दा येथेंच आहे. जो पैसे मोजतो तो यजमान होतो, हा जगाचा रिवाज आहे. रात्रीं अकराच्या रांगेंत उभा राहणारा गृहस्थ गांजलेला असेल, पण तो गिऱ्हाईक होता. आवाज नीट आला नाहीं तर तो दुकानदाराशीं भांडे आणि कंपनीकडे तक्रार करी. आज आपण कांहींच देत नाहीं, म्हणून तक्रारीचा तो जुना हक्कहि पातळ झाला आहे. कंपनीची सोय, रचना आणि पुढील बेत पैसे देणाऱ्या धंद्याच्या गरजेकडे झुकूं लागले तर त्यांत नवल नाहीं. आपलें बोलणें कंपनीला कळत नसेल. पण कोणाला कोणाशीं आणि केव्हां जोडावयाचें हें जोडणाऱ्या यंत्रणेला त्या घटकेला कळावेंच लागतें. तें टिपून ठेवावें कीं नाहीं आणि ठेवल्यास किती दिवस, हा यंत्राचा नव्हे तर नीतीचा आणि कायद्याचा प्रश्न आहे.

मोल नाहींसें झाल्याचा आणखी एक परिणाम आहे. मोल हें कुंपणहि होतें. ट्रंक कॉलला पैसे पडत तोंपर्यंत भामट्याला शेंकडों घरीं फोन करून पाहणें परवडलें नसतें. कॉल फुकट झाला तो आपल्यास झाला तसा त्यालाहि झाला. २०२४ मध्यें ‘डिजिटल अरेस्ट’ या नांवानें गाजलेल्या प्रकारांत पोलिसांचें सोंग घेतलेले ठग व्हिडिओ कॉलवरून माणसांना तासन्‌तास धाकांत ठेवीत आणि त्यांची आयुष्याची पुंजी लुबाडीत. धंद्याच्या कॉलवर आकार असणें आणि त्याला अनुमतीची अट असणें हें या दृष्टीनें वाईट नाहीं. परंतु ती अनुमति आपण न वाचतां देऊन टाकली तर तें कुंपण आपणच मोडलें असें होईल.

आतां दुबईच्या मुलाकडे वळूं. त्याच्या वर्गणीचा उलगडा वरील पांच मार्गांत होत नाहीं, कारण तो पैसा समाजमाध्यमाकडे जातच नव्हता. संयुक्त अरब अमिरातींत परवान्यावांचून इंटरनेटवरून टेलिफोनचा धंदा करण्यास मनाई होती. २०१८ मध्यें तेथील एतिसलात कंपनीनें बोटिम आणि सी-मी या परवानाधारक ॲपांवरून बोलण्यासाठीं मोबाईलवर दरमहा ५० दिरहमची योजना काढली. आवाज वाहून नेण्याचा खर्च इतरत्र येतो तसाच तेथेंहि किरकोळ. पण नाक्यावरची जकात राखून ठेवलेली. आखातांत नोकरी करणारे कोंकणांतील हजारों तरुण आपल्या घरच्यांशीं बोलण्यासाठीं अशी जकात देत आले आहेत.

आपल्याकडेहि हें घडणार होतें. डिसेंबर २०१४ मध्यें एअरटेलनें इंटरनेटवरील आवाजी कॉलसाठीं निराळा आकार घेण्याचें जाहीर केलें. त्यावर एवढा गहजब झाला कीं थोड्याच दिवसांत ती योजना मागें घ्यावी लागली. पुढें मार्च २०१५ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें या सर्व विषयावर लोकांचीं मतें मागविलीं, तेव्हां दहा लाखांवर ई-पत्रें गेलीं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं, डेटांतून काय जातें हें पाहून त्याला वेगवेगळा दर लावण्यास त्या प्राधिकरणानें मनाई केली.

टेलिफोन कंपन्यांची बाजूहि ऐकली पाहिजे. तारा त्या घालतात, मनोरे त्या उभारतात, लिलावांत रेडिओलहरींचे पट्टे त्या घेतात. आणि त्यांच्या रस्त्यावरून दुसऱ्यांच्या गाड्या फिरतात, असें त्यांचें गाऱ्हाणें आहे. तें सर्वस्वीं खोटें नाहीं. पण त्या रस्त्याचें भाडें ग्राहकानें डेटाच्या रूपानें आधींच दिलेलें असतें. गाडींत गहूं आहे कीं ज्वारी हें पाहून पुन्हां पैसे मागणें न्यायाचें नव्हे. रस्ता महाग पडत असेल तर डेटाचा दर वाढवावा. तो सर्वांना दिसतो आणि त्यावर सर्वांना बोलतां येतें.

बाईंच्या दोन प्रश्नांचें उत्तर तेव्हां असें आहे. मुलाच्या बोलण्याला पैसे पडत, कारण तेथील राज्यकर्त्यांनीं जुनें नाकें उठूं दिलें नव्हतें. लेकीचें बोलणें फुकट आहे, कारण मायलेकींच्या ओढीनें तें ॲप रोज न चुकतां उघडलें जातें, आणि ज्या दारांतून लेक येते त्याच दारांतून येण्यासाठीं व्यापारी पैसे देण्यास तयार आहेत. कंपनीची चूल त्यावर पेटते. यांत कोणतेंहि कपट आहे असें मी म्हणत नाहीं. पाणपोईचें पाणी पिणें हा अपराध नव्हे. तहानलेल्यानें तें खुशाल प्यावें.

मात्र तीन गोष्टी प्रत्येक घरानें पाहाव्या. कोणत्या धंद्याला आपण कॉल करण्याची अनुमति दिली आहे, हें महिन्या-दोन महिन्यांनीं तपासून नको तीं नांवें काढून टाकावीं. बँकेचें किंवा पोलिसांचें नांव सांगून कोणी अकस्मात बोलूं लागला तर फोन ठेवावा आणि आपल्याजवळच्या माहितीच्या क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी. आणि घरांतील वडील माणसांना ही गोष्ट एकदां सांगून न थांबतां वरचेवर सांगत जावें. ज्या फोनची तीं दिवसभर वाट पाहतात तो आणि ज्यानें त्यांची पुंजी जाते तो, हे दोन्ही त्यांच्या हातांतील त्याच डबीवर एकाच सुरांत वाजतात.